बाबा घरी गोळ्या बनवतात

लिफ्टमधे माझ्या सात वर्षांच्या मुलीनं पाचव्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, "आमचे बाबा ना, घरी गोळ्या बनवतात. शिशाच्या. लाल रंगाच्या." काका पोलीस खात्यातून रिटायर झालेले. लिफ्ट आमच्या तिसऱ्या मजल्यावर थांबली, आम्ही उतरलो, आणि पाचव्यावर जाणारे काका पण उतरले.

तर मुळापासून सांगतो. मला गळ टाकायचं वेड आहे. वरळी सी फेस, बँडस्टँड, कधी मढ, जिथे खडक तिथे मी. गळाला जे वजन लावतात त्याला आमच्या घरात गोळी म्हणतात, तर त्या गोळ्या खडकात अडकून इतक्या जातात की महिन्याचा गोळ्यांचा खर्च बघून बायको म्हणाली यापेक्षा मासे विकत आण, स्वस्त पडतील. बरोबरच आहे तिचं, पण हे गळवाल्याला सांगून काय उपयोग. मी ठरवलं, आपण घरीच ओतायच्या.

ओतणं सोपं निघालं. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं मिळतात, ती पक्कडीत दाबून बघायची, दबलं तर शिसं, नाही दबलं तर जस्त नाहीतर लोखंड, बाजूला फेका. शिसं 327 डिग्रीला वितळतं. हे उद्योग मुंबईच्या फ्लॅटमधे अजिबात करायचे नसतात, धूर विषारी, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफ होऊन सगळं तोंडावर उडतं, म्हणून सासुरवाडीला रेवदंड्याला वाडीत उघड्यावर चूल मांडली, मास्क, चष्मा, हातमोजे, पायात बूट. सासरे लांबून बघत होते. पोरगी कोणाला दिली हा विचार चेहऱ्यावर स्पष्ट. चाळीस ग्रॅमच्या साठ गोळ्या झाल्या, प्रत्येकीला वर तारेची कडी. इथे मी एक शहाणपणा केला, शिसं जरा कडक व्हावं म्हणून घरातलं जुनं सोल्डर त्यात टाकलं, थोडंथोडकं नाही, चांगला मोठा गठ्ठा होता तो सगळा. सोल्डरमधे कथील असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नुसतं शिसं हाताळलं की हात काळे होतात, आणि ते अंगाला चांगलं नाही, त्याच हातानं वडापाव खाल्ला तर संपलंच. इंग्लंडमधे तर हंस ही वजनं गिळून मरायला लागले म्हणून 1987 मधे बारीक शिशाच्या वजनांवर बंदीच आणली. म्हणून म्हटलं यांना रंग देऊ. ऑइल पेंट दिला, पहिल्याच दिवशी खडकावर टवके उडाले. मग रात्री मोबाईलवर बघता बघता अमेरिकेतले आजोबा लोक सापडले, जे गॅरेजमधे बसून खऱ्याखुऱ्या बंदुकीच्या गोळ्यांना पावडर कोटिंग करतात, म्हणजे रंगाची कोरडी पावडर चिकटवून भट्टीत भाजायची. उघडी शिशाची गोळी झाडली की बंदुकीच्या नळीत शिसं चिकटून बसतं, पूर्वी त्यासाठी गोळीला मेणासारखं वंगण लावायचे, त्याचा धूर व्हायचा, आता पावडरचा थर देतात, नळी साफ राहते. निवांत माणसं. आपल्याकडे 1959 चा आर्म्स अ‍ॅक्ट आहे, लायसनशिवाय असलं काही करायला गेलो तर कोटिंग माझंच होईल. पण पद्धत काय, गोळी बंदुकीची असो की गळाची, शिसं ते शिसं.

आधी सरळ मार्गानं गेलो. साकीनाक्याला एका गाळ्यात पावडर कोटिंग करतात तिथे पिशवी घेऊन गेलो. शेठनं आत हात घालून एक गोळी काढली, उजेडात धरली आणि म्हणाला, "खिडकीची ग्रील आण, गेट आण, हे काय साबुदाणा आणलायस?" पण माणूस चांगला, अर्धा किलो लाल पावडर विकत दिली.

आजोबांची पद्धत अशी. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या टाकायच्या, चमचाभर पावडर, आणि खेळण्यातल्या बंदुकीचे प्लास्टिकचे छर्रे, काळेच पाहिजेत असा आजोबांचा आग्रह. झाकण लावून हलवायचं. घासून घासून स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळीला चिकटते. मग एकेक चिमट्यानं उचलून भट्टीत, 200 डिग्रीला वीस मिनिटं, पावडर वितळून काचेसारखा थर. डबा पण कुठलाही नाही, बुडावर प्लास्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोण असतो ना, त्यात 5 आकडा असलेलाच. तर एका रविवारी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उलटे करून बुडं वाचत बसलो होतो. रव्याचा उलटा केला तेव्हा झाकण सैल आहे हे कळलं. शेवटी 5 सापडला तो श्रीखंडाच्या डब्यावर, ज्यात आईची सुया-बटणं होती. मराठी घरातला श्रीखंडाचा डबा रिकामा करायचा म्हणजे कोणाला तरी घराबाहेर काढल्यासारखं असतं. दोन दिवस बोलली नाही ती.

भट्टी म्हणून भंगारवाल्याकडून सातशे रुपयाला जुना ओटीजी आणला. शिसं गेलेल्या ओव्हनमधे आयुष्यात परत खायचं काही करायचं नसतं, म्हणून त्यावर स्केचपेननं मोठं लिहिलं, 'खाण्यासाठी नाही. विष.' आई म्हणाली, "मग घरात आणलंस कशाला?" या प्रश्नाला उत्तर नाही. गॅलरीत ठेवला.

आणि हे सगळं मी काढलं कधी, तर जुलैत. पावसाळ्यात खडकावर जायचं नसतं, लाट उचलून नेते, म्हणून रिकामा वेळ. पण मुंबईची जुलैतली हवा म्हणजे 80 टक्क्यांच्या वर दमटपणा, कपाटातले पापड मऊ पडतात, मिठाचा दगड होतो, तिथे स्थिर वीज काय कपाळ तयार होणार. पाच मिनिटं डबा हलवला, उघडून बघतो तर गोळ्या कोऱ्या करकरीत आणि पावडर गुलालासारखी तळाला. परत हलवला. परत तेच. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, आरतीची प्रॅक्टिस का, गणपतीला वेळ आहे अजून.

कोरडी हवा आमच्या घरात एकाच ठिकाणी, बेडरूममधे, एसी लावल्यावर. रात्री साडेअकरा. दोन तास एसी चालवून मी मास्क लावून पलंगाच्या कडेला बसून श्रीखंडाचा डबा खळ्ळखळ्ळ करतोय आणि बायको उशी कानावर दाबून पडलीय. पण चिकटली! एकेक गोळी बाहेर काढली तर मखमल लावल्यासारखी लाल, श्वास जोरात सोडला तरी उडेल अशी. यू-पिनांच्या आकड्यांवर टांगत टांगत ओव्हनची जाळी भरली, आणि जाळी उचलून गॅलरीकडे निघालो तेवढ्यात मला शिंक आली. त्या बेडशीटबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

पहिला घाणा बारा गोळ्यांचा. काचेतून बघत बसलो होतो. पावडर आधी ओली दिसायला लागली, मग चमकली, काय सुंदर दिसत होतं सांगू, आणि मग उकडीच्या मोदकाला पाणी जास्त झाल्यावर तो कसा हळूच बसतो तशी पहिली गोळी बसली. मग दुसरी. मग तारेच्या कड्या वरच लटकत राहिल्या आणि खालचा माल टपकन ट्रेमधे. झालं असं होतं की शुद्ध शिसं 327 ला वितळतं पण कथील जास्त झालं की ते मिश्रण 183 लाच मऊ पडायला लागतं, आणि भंगारातल्या ओटीजीची चकती 200 म्हणते तेव्हा आत प्रत्यक्षात 240 असतात, हे नंतर थर्मामीटर आणून कळलं. भाजण्यासारखी राहिली ती फक्त सोल्डर टाकायच्या आधी ओतलेली तेवीस. ती दुसऱ्या दिवशी नीट भाजली. कड्यांमधे पावडर बसून भोकं बुजली होती, ती सुईनं उघडायला दीड तास गेला. सुई आईकडे मागावी लागली. कुठे ठेवलीय ते तिलाही सापडेना, डबा माझ्याकडे ना.

तर काका. आत आले, बूट न काढता. मी तेवीस गोळ्या पेपरवर मांडून दाखवल्या, गळ दाखवला, रीळ दाखवलं, एक मासा पकडल्याचा जुना फोटो दाखवला. काकांनी एक गोळी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, नखानं खरवडली, रंग निघाला नाही. ओव्हनवरचं 'विष' वाचलं. म्हणाले, "सोसायटीच्या ग्रुपवर मी सांगतो काय ते. ही राहू दे माझ्याकडे." हे पुराव्यासाठी की आवडली म्हणून, मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. बावीस राहिल्या.

नारळी पौर्णिमा झाल्यावर वरळीला गेलो. नेहमीच्या खडकावर कोळीवाड्यातले एक म्हातारे काका असतात, ते वजन म्हणून गाडीचा जुना स्पार्क प्लग बांधतात, गॅरेजवाला फुकट देतो. माझी लाल चकचकीत गोळी बघून म्हणाले, "काय रं, लग्नाला निघालास काय?" पहिल्या फेकीलाच अडकली. ओढली, दोरी तुटली. दुपारपर्यंत चौदा गेल्या. एक शिंगाळा लागला, तो पण हाताला काटा मारून.

दोन दिवसांनी मोठी ओहोटी होती म्हणून मुद्दाम खाली उतरलो. शेवाळात, फटींमधे वाकून बघत हिंडलो. माझ्या तीन सापडल्या, तुटकी दोरी लटकत होती पण रंगाला खरचटलंही नव्हतं, आजोबा खरं बोलत होते. बाकी सगळा माल दुसऱ्यांचा, कालवं चढलेली काळी उघडी वजनं, मूठ मूठ, वर्षानुवर्षांची, आणि मधेमधे स्पार्क प्लग. प्लग काकांना परत दिले. शिसं सगळं उचललं, पिशवी तीनेक किलोची भरली.

बिल्डिंगच्या गेटवर पाचव्या मजल्यावरचे काका भेटले. पिशवीकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "यात पिवळा रंग मिळतो का?"