क्वार्टरबॅक सोडून बोला

क्लीव्हलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला एप्रिल महिन्यात दोन गोष्टी चुकत नाहीत: प्राप्तिकराचे विवरणपत्र आणि अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या ब्राउन्स संघाच्या गरजांची यादी. विवरणपत्र एकदा भरून दिले की सरकार गप्प बसते. यादीला मात्र अंत नाही. मी एका कारखान्यात मालसाठ्याचा हिशेब ठेवतो, एवढ्याच कारणावरून आमच्या गल्लीने हे काम माझ्या गळ्यात बांधले आहे. "काय शिल्लक आहे आणि काय मागवायला हवे, हे तू रोज बघतोसच की," असे शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. या गृहस्थांनी १९६४ साली ब्राउन्सनी बाल्टिमोरच्या संघाला २७-० असे लोळवून विजेतेपद मिळवले, तेव्हा मैदानात बसून तो सामना पाहिला होता. त्यानंतर ब्राउन्सना विजेतेपद मिळालेले नाही आणि सुपर बोल या आताच्या अंतिम सामन्यापर्यंत तर ते एकदाही पोहोचलेले नाहीत. त्यामुळे आमच्या गल्लीत त्यांना प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा मान आहे.

ही यादी असते ती एप्रिलातल्या 'ड्राफ्ट'साठी, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यासाठी. पुण्यातल्या नातेवाइकांना मी हे सगळे आयपीएलच्या लिलावासारखे असते, असे सांगून सुटका करून घेतो. पण ते खरे नाही. लिलावात पैसा बोलतो. इथे आदल्या मोसमात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंमधून पहिला खेळाडू निवडायचा हक्क मिळतो, आणि अशा क्रमाने ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये आपापली निवड करतात. ही युक्ती फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा स्वतःचा संघ सतत हरत असल्यामुळे चांगले खेळाडू त्यांच्याकडे फिरकत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या समतावादी विचारांचा उगम कळतो. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला, बेल यांच्याच संघाने पहिला खेळाडू निवडला, आणि तो जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता दुसऱ्या उद्योगाला लागला. एवढा स्पष्ट इशारा मिळूनही लोकांनी ही प्रथा चालू ठेवली.

२०२४ च्या मोसमात ब्राउन्सनी तीन सामने जिंकले आणि चौदा गमावले. त्यामुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक आमच्या वाट्याला आला, आणि गल्लीत सणासुदीचे वातावरण पसरले. त्यालाही कारण होते. २०२२ साली देशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणाऱ्या गड्यासाठी, संघाने तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकले होते, आणि वर त्याला २३ कोटी डॉलरची संपूर्ण हमी दिली होती. म्हणजे तीन वर्षे पहिल्या फेरीच्या रात्री आम्ही इतरांच्या घरचे लग्न पाहावे तसे टीव्हीसमोर बसून होतो. आता आमची पाळी आली होती; फक्त वॉटसनच्या टाचेचा स्नायुबंध तीन महिन्यांत दोनदा तुटलेला होता आणि त्याचा पगार मात्र ठणठणीत होता. संपूर्ण संघाच्या पगारावर त्या वर्षी सुमारे २७.९ कोटी डॉलरची मर्यादा असल्यामुळे, जो खेळत नाही त्याला देऊन उरलेल्या पैशांत जे खेळतात त्यांना बसवायचे, हा हिशेब मला कारखान्यात कधीच करावा लागलेला नाही.

मी कामाच्या सवयीने ५३ जागांचा तक्ता केला. प्रत्येक नावापुढे वय, कराराचे शेवटचे वर्ष आणि दुखापतींचा रकाना ठेवला. तो शेवटचा रकाना पुढे फार रुंद करावा लागला. तक्ता पूर्ण झाल्यावर माझ्या मते उत्तर उघड होते. लेफ्ट टॅकल हा उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ सांभाळणारा गडी, आणि त्या जागी ज्याचे नाव लिहायचे तो तरुण सलग दोन मोसम दुखापतीमुळे अर्ध्यावर सोडून गेलेला. याच जागेवर आमच्याकडे एकेकाळी जो थॉमस होता. २००७ ते २०१७ या काळात तो सलग १०,३६३ डाव (चेंडू एकदा खेळात आला की एक डाव) एकही न चुकवता खेळला, आणि ज्या दिवशी त्याची निवड झाली त्या दिवशी तो न्यूयॉर्कच्या समारंभाला न जाता वडिलांबरोबर मासे पकडत होता. त्याच्या पाठीमागे किती क्वार्टरबॅक आले आणि गेले याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. १९९९ पासून या संघाने तीसहून अधिक जणांना ती जागा देऊन पाहिली आहे. मी नम्रपणे सुचवले की आधी भिंत बांधावी आणि मग तिच्यामागे कोणाला उभे करायचे ते बघावे.

गल्लीच्या सभेत हे कोणाला पटले नाही. शेजारच्या गृहस्थांना क्वार्टरबॅक हवा होता. त्यांना तो गेली पंचवीस वर्षे हवाच आहे. माझ्या मुलाला ट्रॅव्हिस हंटर हवा होता, कारण तो चेंडू झेलायलाही उभा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याचे झेल अडवायलाही. "बाबा, एकाच नावाने तुझ्या यादीतल्या दोन ओळी खोडल्या जातात," हा त्याचा युक्तिवाद हिशेबनिसाला खोडून काढता येण्यासारखा नव्हता. समोरच्या घरातल्या बाईंचे म्हणणे असे की गरज पाहूच नये, जो सर्वोत्तम उपलब्ध असेल तो घ्यावा. हे तत्त्व सगळ्याच संघांचे व्यवस्थापक तोंडाने सांगतात. मात्र ज्याला तूरडाळ हवी आहे त्याला वाण्याच्या दुकानात त्या दिवशी तूरडाळच सर्वोत्तम दिसते, असा माझा अनुभव आहे.

मग गृहस्थांनी खिशातून फूटपट्टी काढली. क्वार्टरबॅकचा पंजा मोजतात, तो अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, म्हणजे आपली वीत. मार्चमध्ये संघाने केनी पिकेट या क्वार्टरबॅकला आणले होते आणि २०२२ च्या चाचण्यांत त्याची वीत साडेआठ इंच भरल्याची चर्चा देशभर झाली होती. गृहस्थांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा हात पसरला, करंगळी दोन बोटांनी ओढून धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि आकडा पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत. माझी वीत पावणेनऊ इंच निघाली. लेफ्ट टॅकलचा मुद्दा त्यानंतर कोणी ऐकून घेतला नाही.

ड्राफ्टच्या रात्री संघाने आपला दुसरा क्रमांक जॅक्सनव्हिलला देऊन पाचवा घेतला, आणि वर २०२६ चा पहिल्या फेरीचा एक हक्क पदरात पाडून घेतला. हंटर जॅक्सनव्हिलला गेला आणि माझा मुलगा झोपायला गेला. आम्ही मेसन ग्रॅहम हा बचाव फळीतला धिप्पाड गडी घेतला. पुढच्या दोन दिवसांत लाइनबॅकर आला, टाइट एंड आला, रनिंग बॅक तर दोन आले. तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल आणि पाचव्या फेरीत शेड्यूर सँडर्स असे क्वार्टरबॅकही दोन आले, आणि वॉटसन, पिकेट व ड्राफ्टच्या आधीच करारबद्ध केलेला चाळीस वर्षांचा जो फ्लॅको धरून एकूण पाच झाले. सातजणांत लेफ्ट टॅकल नव्हता. क्वार्टरबॅकसमोर भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या फळीतला कोणीच नव्हता.

सोमवारी सकाळी शेजारच्या गृहस्थांनी कुंपणापलीकडून हाक मारली. पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत आपल्याला दोन खेळाडू निवडता येणार आहेत, तेव्हा यादी आत्तापासूनच घ्यायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मी म्हटले, पहिल्या ओळीवर लेफ्ट टॅकल.

"ते ठरलेच," ते म्हणाले. "पण समज, या पाचांतला एकही टिकला नाही, तर?"