गटात जाऊन आई घाबरली, त्याबद्दल

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो, आणि आज चौथ्या दिवशी संपवतोय. मला पार्किन्सन्स आहे, म्हणजे हालचाली मंदावणारा, अंग थरथरवणारा मेंदूचा आजार. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतो. बोलून टाइप करायची सोय आहे, पण माझा आवाज फोनपर्यंत पोचत नाही. त्याला वाटतं खोलीत कोणी नाहीच. उशीर त्यामुळे झाला, रागामुळे नाही.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी पार्किन्सन्सच्या स्वमदत गटांबद्दल बरंच गोड लिहिलं होतं. तुमच्या आईला चार महिन्यांपूर्वी निदान झालं. उजवा हात थरथरतो, बाकी त्या ठणठणीत आहेत. लेख वाचून तुम्ही त्यांना एका सभेला नेलंत. पहिल्याच रांगेत चाकाच्या खुर्चीत एक गृहस्थ, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येतेय. शेजारी एक बाई, सगळं अंग सतत हेलकावे खातंय. निघताना कुणीतरी आईला बाजूला घेऊन सांगितलं, 'ती गोळी अर्धीच घ्या हो, मला फार त्रास झाला होता.' आई दोन रात्री झोपल्या नाहीत. 'मी पण अशीच होणार का,' एवढंच विचारतात. आणि मग तुमचे शब्द: 'दुःखाचं संमेलन भरवून कुणाचं भलं होतं? आजार डॉक्टरांवर आणि गोळ्यांवर सोपवावा. असल्या गटांनी आजार थांबतो याला पुरावा काय?'

पुराव्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. थांबत नाही. गटात गेल्यानं मेंदूतली एकही पेशी वाचत नाही. पण गोळीनंही वाचत नाही, हेही लक्षात असू द्या. लेव्होडोपा ही या आजाराची मुख्य गोळी. मेंदूत पोचून तिचं डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन होतं, कमी पडलेलं भरून निघतं. मुळात ते कमी पडत जाणं त्यानं थांबत नाही. नियमित व्यायामानं चालणं, तोल, मन यांना फायदा होतो, हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. गटाचं मोजमाप अवघड, कारण गटात येतात ते मुळात घराबाहेर पडू शकणारेच. न येणाऱ्यांपेक्षा ते बरे दिसले तर श्रेय कुणाला द्यायचं? त्यामुळे 'गटानं आयुष्य बदललं' हे मागच्या लेखातलं वाक्य मी मागे घेतो. लिहिताना डोस नुकताच लागू झाला होता, हात मोकळा होता, त्या भरात आलं ते.

आता त्या हेलकावणाऱ्या बाईंबद्दल. मीही पहिल्या दिवशी असाच एक माणूस पाहिला होता. मान, खांदे, पाय, सगळं वाऱ्यावरच्या फांदीसारखं. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो. वीस मिनिटं कशीबशी काढली आणि उठून घरी आलो. माझाही हिशेब आईंसारखाच होता: आज माझी करंगळी हलते, उद्या एवढं सगळं हलणार.

तो हिशेब चुकीचा होता, हे मला आठ महिन्यांनी कळलं. त्या हेलकाव्यांना डिस्कायनेशिया म्हणतात. आजाराचा कंप वेगळा आणि हे वेगळं. बरीच वर्षं लेव्होडोपा घेतल्यावर, बहुधा औषधाचा जोर सगळ्यात जास्त असतो त्या वेळी, शरीर असं वाहवत जातं. म्हणजे आपल्याला जो माणूस सगळ्यात आजारी वाटतो, तो त्या क्षणी कदाचित आपल्या दिवसातल्या सगळ्यात मोकळ्या तासात असतो. मी पाहिलेल्या त्या गृहस्थांनीच मला नंतर सांगितलं, 'हलतो तेव्हा निदान संडासला एकटा जातो. हलत नाही तेव्हा दोघं लागतात.'

खुर्चीतल्या गृहस्थांबद्दल मात्र तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. काहींचा आजार तिथवर जातो. होएन आणि यार या दोघांनी 1967 साली आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या, डॉक्टर अजून त्या वापरतात, आणि पाचवी पायरी म्हणजे खुर्ची किंवा अंथरूण. पण ते काही आगगाडीचं वेळापत्रक नाही. त्यांच्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण लेव्होडोपा सर्रास वापरात येण्याआधीचे होते. शिवाय कुणाला कंप, कुणाला ताठरपणा, कुणाला दोन्ही. कुणी पंधरा वर्षांनीही आपल्या पायांनी सभेला येतं. आमच्या गटात तर दोघांचा पार्किन्सन्स सारखा निघाला की आम्ही अभिनंदन करतो.

तरीही चूक गटाचीच होती, हे लिहून ठेवतो. नव्या माणसाला असं थेट सभेत आणून बसवायचं नसतं. आधी फोनवर बोलायचं, काय दिसेल ते सांगायचं, नुकतंच निदान झालेल्या एखाद्याशी गाठ घालून द्यायची. आम्ही हे करतो. पण आम्हीही ते चार-पाच माणसं घाबरून कायमची गेल्यावर शिकलो.

अर्ध्या गोळीच्या बाबतीत तर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. दुसऱ्याच्या डोसला हात लावणारा माणूस गटात नको. पार्किन्सन्सचं औषध अचानक तोडलं तर अंग कडक होऊन तीव्र ताप येण्यापर्यंत, जिवावर बेतण्यापर्यंत पाळी येऊ शकते. आमच्याकडे साधा नियम आहे: किती, ते डॉक्टर सांगतील, कसं, ते आपण बोलू. म्हणजे प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची शरीरात शोषलं जाताना चढाओढ होते, म्हणून बऱ्याच जणांना गोळी आणि भरपेट जेवण यांत अंतर ठेवायला सांगतात. पण रात्री कूस वळता येत नाही, गोळी उशापासून हातभर लांब आहे, मग करायचं काय? हे चिठ्ठीवर येत नाही. डबी कुठे ठेवायची, झाकण आधीच सैल कसं करून ठेवायचं, पेला अर्धाच का भरायचा, हे ज्याचं पाणी सांडलेलं असतं तोच सांगतो.

'आजार डॉक्टरांवर सोपवावा' यावर मात्र मी भांडणार आहे.

डॉक्टर मला तीन महिन्यांतून एकदा, दहा मिनिटं पाहतात. मी अपॉइंटमेंटच्या हिशेबानं गोळी घेऊन जातो, केस विंचरून जातो. त्या दहा मिनिटांत मी 'ऑन' असतो, म्हणजे गोळीचा असर पुरता चालू असतो. डॉक्टर चिमूट उघडझाप करायला लावतात, चालून दाखवायला सांगतात, मी झकास चालून दाखवतो. घरी संध्याकाळी पाच वाजता गोळीचा असर उतरतो आणि मी न्हाणीघराच्या उंबऱ्यात खिळल्यासारखा उभा असतो, ते त्यांना कुठून दिसणार? 1817 साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं ते सहा माणसांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात चालताना दिसले होते. मला हे फार बोलकं वाटतं. हा आजार तपासणीच्या टेबलावर अर्धाच दिसतो. उरलेला दारात, जिन्यावर, गर्दीत, अंथरुणात असतो.

गट तो उरलेला अर्धा बघतो आणि त्याला नावं देतो. नाव मिळालं की डॉक्टरांना सांगता येतं.

एक प्रसंग सांगतो. संबंधितांना विचारलंय, तपशील बदललेत. आम्ही आजारी माणसाला शुभार्थी म्हणतो आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मराठी गटांत हे शब्द रुळलेत. 'रुग्ण' ऐकून ऐकून कान किटतात. महिन्यातून एकदा शुभंकर वेगळे बसतात, आम्हाला हाकलून. तिथे एक बाई सहज म्हणाल्या, हल्ली हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर पैसे लावून पत्ते खेळतात, आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नव्हता. हसण्यावारी नेण्याच्या सुरात बोलल्या. समोरच्या बाईंचं हसू थांबलं. बराच वेळ त्या पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या, मग म्हणाल्या, 'आमच्याकडे घड्याळं. ऑनलाइन. एकतीस झाली.' त्यांनी हे मुलालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याची लाज, म्हणजे आपली लाज.

मेंदूत डोपामिनसारखंच काम करणारी डोपामिन अ‍ॅगोनिस्ट नावाची काही औषधं आहेत. काही माणसांत त्यांनी जुगार, खरेदी, खाणं, कामवासना यांवरचा ताबा सुटतो. हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, डॉक्टरांना पक्का ठाऊक असतो. पण त्यांनी विचारायला हवं किंवा आपण सांगायला हवं, आणि नवऱ्यासमोर बसून बायको हे सांगत नाही. दोघी आपापल्या डॉक्टरांकडे गेल्या. दोन्ही ठिकाणी ते औषध हळूहळू उतरवलं. घड्याळं अजून कपाटात आहेत, ती काही परत जात नाहीत. पण बत्तिसावं आलं नाही.

यात गटानं उपचार केला नाही. अशी गोष्ट मोठ्यानं बोलायला एक खोली दिली, बस.

मोठ्यानं बोलण्यावरून आठवलं. पार्किन्सन्समध्ये आवाज बसतो, पण ज्याचा बसतो त्याला तो नेहमीसारखाच वाटतो. स्वतःचा आवाज मोजायची पट्टीच आखडलेली असते. म्हणून आम्ही रोज फोनवर आणि सभेत सगळे मिळून मोठ्यानं आकडे म्हणतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल हळू आवाजात काहीतरी कट शिजतोय. आतल्या प्रत्येकाला वाटत असतं, आपण ओरडून खोली डोक्यावर घेतलीय. घरी बायको 'काय?' म्हणते तेव्हा आपण तिच्या कानांना दोष देतो. अठरा जण एकमेकांना 'काय?' म्हणाले की मग दोष कुणाला द्यायचा, हे कळतं. चेहऱ्याचंही तेच. स्नायू ताठरले की चेहरा कोरा होतो. घरच्यांना वाटतं हा माणूस आताशा कशानंच खूश होत नाही. गटात तोंड न हलवता सांगितलेल्या विनोदालाही दाद मिळते.

आणि पाय गोठणं. गेल्या महिन्याची गोष्ट. सभागृहाच्या दारात एक गृहस्थ थांबले. दार अरुंद, मागे माणसं. चवडे जमिनीला चिकटलेले, टाचा उचललेल्या, धड पुढे झुकलेलं. त्यांचा मुलगा दंडाला धरून ओढायला लागला. वाईट हेतूनं नाही, सगळेच ओढतात. ओढलं की माणूस पडतो. आमच्यातल्या एक बाई स्वतःच जेमतेम चालतात. त्या काठी टेकत पुढे आल्या आणि आपलं चप्पल घातलेलं पाऊल त्यांच्या बुटांसमोर आडवं ठेवलं. म्हणाल्या, 'ओलांडा.' त्यांनी खाली पाहिलं, पाय उचलला, ओलांडला आणि सरळ चालत खुर्चीपर्यंत गेले. मेंदूचा आपोआप चालण्याचा रस्ता बंद पडला तरी समोरची आडवी रेघ, टाळ्यांचा ठेका, मनातले आकडे यांनी बाजूचा रस्ता बऱ्याचदा उघडतो. मुलगा त्या पावलाकडे बघतच राहिला. दोन वर्षं ओढत होता तो.

तुमच्या आईंबद्दल. त्यांना परत नेऊ नका. आग्रह तर मुळीच नको. नैराश्य आणि चिंता या आजारात नुसत्या मनाच्या प्रतिक्रिया नसतात, त्यांच्यामागे मेंदूतले रासायनिक बदलही असतात. दोन रात्रींची झोप हा विषय पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. 'घाबरली, होतं असं' म्हणून सोडू नका. गटाचं म्हणाल तर तुम्ही एकटे जा. शुभंकरांच्या बैठकीला. तुमच्या प्रतिक्रियेत 'आम्हाला' हा शब्द सात वेळा आलाय आणि आईंचं स्वतःचं वाक्य एकच आहे. जाऊन आल्यावरही नकोसं वाटलं तर नका जाऊ. गटाशिवाय उत्तम राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतला एक तर माझा मित्रच आहे. तो पोहतो, सोबत कायम कुणीतरी ठेवतो, आणि आमच्याविषयी तुमच्याहून वाईट बोलतो.

शेवटी तुम्ही विचाराल, वीस मिनिटांत उठून गेलात म्हणता, मग परत का गेलात?

घाईत माझी गोळ्यांची डबी खुर्चीवर राहिली होती. संध्याकाळी फोन आला. पलीकडचा आवाज इतका बारीक की मी तीनदा 'मोठ्यानं बोला' म्हणालो, आणि पलीकडून तीनदा 'तुम्हीच मोठ्यानं बोला' असं उत्तर आलं. तेच हेलकावणारे गृहस्थ होते. नावगाव काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, 'पुढचा डोस किती वाजता आहे तुमचा? तोवर पोचती करतो.' मुलगी जाऊन डबी घेऊन आली. पुढच्या महिन्यात मी आभार मानायला म्हणून गेलो, तर नेमके ते आले नव्हते. म्हणून त्याच्या पुढच्या महिन्यात परत जावं लागलं.