‘डिप्लोमा झालाय, आता कसलं प्रशिक्षण?’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सेफ्टी ऑफिसरना दरवर्षी किमान दोन दिवसांचं उजळणी प्रशिक्षण सक्तीचं असावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती वाचून चार ओळींत आभार मानणं बरोबर वाटलं नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. औद्योगिक सुरक्षेचा वर्षभराचा डिप्लोमा केलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवणं म्हणजे प्रशिक्षण संस्थांची सोय. अशा वर्गांत तेच स्लाइड, तोच चहा, ग्रुप फोटो आणि शेवटी प्रमाणपत्र. दोन दिवस ऑफिसर कारखान्याबाहेर राहिला तर तेवढा वेळ परमिटवर, म्हणजे धोकादायक कामाच्या लेखी परवानगीवर, लक्ष कोण ठेवणार? आणि मालक ऐकतच नसेल तर ऑफिसरने शिकून उपयोग काय?

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वर्गात बसून कायद्याची कलमं पुन्हा ऐकणं आणि संध्याकाळी वीस प्रश्नांची चाचणी देणं याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता, तो मला पटत नाही.

डिप्लोमापासून सुरुवात करू. कारखान्यातल्या प्रथमोपचारकाला सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. छाती दाबण्याचा वेग मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटीमीटर. हे ऐकून आठवतं, पण हात ते विसरतात आणि सराव नसेल तर काही महिन्यांतच कौशल्य उतरू लागतं. म्हणून मुदत घातलेली आहे. त्याच कारखान्यात टाकीत माणूस उतरवण्याच्या परमिटवर जो सही करतो, त्याचा डिप्लोमा मात्र एकदा मिळाला की निवृत्तीपर्यंत चालतो. अमेरिकेत प्रमाणित सुरक्षा व्यावसायिकाला दर पाच वर्षांनी 25 गुण जमवून प्रमाणपत्र टिकवावं लागतं. ती पद्धत जशीच्या तशी आणा असं मी म्हणत नाही. पण मुदतच नसणं हे आपल्याकडे कुणाला खटकत नाही, हे मला खटकतं.

आता मुद्द्याचं. डिप्लोमा केलेल्या माणसाचं नेमकं काय निसटतं? एकच काम घेऊ: बंदिस्त जागेत उतरण्याआधीची गॅस तपासणी. ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) संप म्हणजे सांडपाण्याचा खड्डा, रिॲक्टर, साठवण टाकी, काहीही धरा.

ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (स्फोट होऊ शकेल अशा किमान प्रमाणाच्या) 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली (दहा लाखांत दहा भागांखाली), हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. चुका होतात त्या आकड्यांच्या अलीकडे. ऑक्सिजन आधी का तपासायचा? कारण डिटेक्टरमधला एलईएलचा कॅटॅलिटिक सेन्सर वायू जाळून मोजतो आणि जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरून हवा हाकललेल्या रिॲक्टरमध्ये सॉल्व्हंटची वाफ भरपूर असूनही तो शून्याच्या आसपास दाखवू शकतो. शून्य बघून सही होते.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. ऑक्सिजनचा सेन्सर मेला तर आकडा खाली येतो आणि अलार्म वाजतो. एलईएलचा सेन्सर मेला तर तो शून्य दाखवतो, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखंच. सिलिकॉनच्या स्प्रेने हा सेन्सर निकामी होतो आणि मेंटेनन्सच्या कपाटात असा स्प्रे बहुतेक असतोच. म्हणून वापराच्या दिवशी, काम सुरू करण्याआधी, माहीत असलेला वायू सेन्सरवर सोडून बम्प टेस्ट करायची. कॅलिब्रेशनचं स्टिकर चालू मुदतीतलं आहे, एवढ्यावर भागत नाही. स्टिकर लावल्यानंतरही सेन्सर मरू शकतो.

तिसरी गोष्ट मला प्रत्येक ऑफिसरला विचारून बघावीशी वाटते. मीटरवर ऑक्सिजन 20.4 दिसतोय, तर सही करायची का? ‘19.5 च्या वर आहे, चालेल’ हे नेहमीचं उत्तर. मोकळ्या हवेत 20.9 असतो. अर्ध्या टक्क्याची घट जर दुसऱ्या वायूने हवा बाजूला सारल्यामुळे झाली असेल, तर त्या टाकीत तो दुसरा वायू सुमारे 2.4 टक्के, म्हणजे 24,000 पीपीएम आहे. टोल्युइन या सॉल्व्हंटची स्फोटाची खालची मर्यादाच (एलईएल) 1.1 टक्के आहे. मीटर मोकळ्या हवेत नेऊन पुन्हा बघावा, तिथे 20.9 दाखवतो का ते तपासावं, आणि दाखवत असेल तर घटीचं कारण सापडेपर्यंत पेन खाली ठेवावं. हे गणित दोन ओळींचं आहे, पण परमिट भरताना करावं लागतं आणि त्यासाठी ते आधी अनेकदा केलेलं असावं लागतं.

मोजायचं कुठे, हेही तसंच. मिथेन वर जातो, हायड्रोजन सल्फाइड आणि सॉल्व्हंटच्या वाफा तळाशी बसतात, म्हणून वर, मध्ये आणि तळाशी असं तीनदा. लांब नळी लावली तर नमुना पंपापर्यंत पोचायला वेळ लागतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत नळीच्या दर मीटर लांबीमागे किती सेकंद थांबायचं ते दिलेलं असतं. न थांबता घेतलेला आकडा मॅनहोलच्या तोंडाशी असलेल्या हवेचा. शिवाय संपमध्ये गाळ हलवला की आत अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सकाळी 10 ची नोंद साडेदहाला निरुपयोगी होऊ शकते, त्यामुळे आत उतरलेल्याच्या अंगावर मीटर चालूच हवा. आणि 100 पीपीएमच्या आसपास हायड्रोजन सल्फाइडचा वास येणंच बंद होतं. ‘वास गेला, आता ठीक आहे’ म्हणणारा कामगार त्या क्षणी सर्वांत जास्त धोक्यात असतो.

एकाच जागी मोजण्याने काय होतं, हे मोठ्या प्रमाणावर 7 मे 2020 ला विशाखापट्टणमच्या वायुगळतीत दिसलं. स्टायरीनच्या टाकीत तापमानाची नोंद तळाशी होत होती आणि वरचे थर तापत गेले. स्टायरीनचं पॉलिमर होऊ नये म्हणून घालतात त्या टीबीसी या रसायनाला काम करायला द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, आणि टीबीसी स्वतः वाफेत जातच नाही. टाळेबंदीत टाकी भरून उभी ठेवायची वेळ कुठल्याही डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात आलेली नव्हती. साठवण बदलली, दिवस बदलले, तेव्हा आधीचं ज्ञान नव्या परिस्थितीला लावून बघणारं कुणीतरी लागतं. उजळणीत मला हेच हवं आहे.

दोन दिवस बाहेर राहण्याबद्दल. दोन दिवस म्हणजे 16 तास. ते सलग असावेत किंवा बाहेरच्या हॉलमध्ये असावेत, असं मी म्हटलेलं नाही. दर तिमाहीला चार तास, स्वतःच्या कारखान्यात. एक सत्र वार्षिक शटडाउनच्या आधी, कारण टाक्या तेव्हाच उघडतात आणि ठेकेदाराची नवी माणसं तेव्हाच येतात. एक पावसाळ्याआधी, विजेच्या कामांवर. त्या चार तासांत ऑफिसरच्या हाती भरलेलं परमिट द्यायचं आणि त्यात मुद्दाम चुका पेरायच्या: तपासणी आणि प्रवेश यांत दोन तासांचं अंतर, ब्लाइंडऐवजी (पाइप पक्का बंद करणाऱ्या चकतीऐवजी) नुसता बंद केलेला व्हॉल्व्ह, 24 व्होल्टऐवजी 230 व्होल्टचा हँडलॅम्प, बाहेर उभ्या माणसाच्या नावापुढे आत उतरणाऱ्याचंच नाव. एक डिटेक्टर फिल्टर तुंबलेला द्यायचा. किती चुका सापडल्या, ते लिहून ठेवायचं.

सुटकेची रंगीत तालीमही त्यातच. 75 किलोची डमी खाली सोडा आणि ट्रायपॉड व विंच लावून वर काढा. पहिल्याच वेळी खरी अडचण कळते. ग्रेटिंगवर ट्रायपॉडचे पाय बसत नाहीत, पाइपरॅक आड येतो, विंचची दोरी तळापर्यंत पोचत नाही, नाहीतर पाठीवर श्वसनयंत्र घेतलेला माणूस मॅनहोलमधून जातच नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 मध्येच नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. ड्रेनेज चेंबरमध्ये एकामागोमाग तिघे उतरून गेल्याच्या बातम्या आपणही वाचतोच.

ऑफिसर सत्रात असताना परमिट कोण बघणार, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्या चार तासांत बंदिस्त जागेचं आणि हॉट वर्कचं (वेल्डिंगसारख्या आगीच्या कामाचं) नवं परमिट काढायचं नाही. चार तास काम थांबवणं परवडत नाही असं उत्पादन विभाग म्हणत असेल, तर तिथे दुसरा सक्षम माणूस तयार केलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. ऑफिसर आजारी पडला की तीच अडचण येणार.

परिणाम मोजायचा तर त्याच संध्याकाळच्या चाचणीने काही कळत नाही. सत्राआधीची दहा परमिटं कुठलीही उचला, तीन महिन्यांनंतरची दहा उचला. किती जणांनी गॅसच्या रकान्यात आकडे लिहिलेत आणि किती जणांनी नुसतं ‘ओके’, हे मोजा. फरक नसेल तर प्रशिक्षण फसलं, आणि मग तुमचा आक्षेप मी कारखान्याच्या नावानिशी मान्य करेन.

मालक ऐकत नाही, हे खरं दुखणं आहे आणि ते प्रशिक्षणाने पूर्ण बरं होणार नाही. राज्याच्या 1982 च्या सुरक्षा अधिकारी नियमांनी ऑफिसरला त्याच्या कर्तव्याशी विसंगत काम देऊ नये असं सांगितलं असताना कॅन्टीन, गेट आणि बसची व्यवस्था त्याच्याच गळ्यात पडते. याबाबत कारवाई व्हायलाच हवी. पण कारवाईसाठीही कागद लागतो. ‘काम धोकादायक वाटतं’ असं लिहून कुणी थांबत नाही. ‘संप क्र. 2, तळाशी ऑक्सिजन 18.7, सक्षम व्यक्तीचं लेखी प्रमाणपत्र देता येत नाही, काम थांबवलं’ असं वेळेसह लिहिलं की ते बाजूला सारायला वरच्याला स्वतःची सही करावी लागते. असं लिहिता येणं हे शिकवायचं कौशल्य आहे.

शेवटी, वेळ निवडण्याबद्दल. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम 40-ब मधली 1000 कामगारांची अट नव्या संहितेत कारखान्यांसाठी 500 वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी 250 वर आली आहे. म्हणजे मध्यम कारखान्यांतही ऑफिसर नेमावे लागणार, आणि त्यातले बरेचसे नुकते डिप्लोमा झालेले, एकटे काम करणारे असतील. त्यांना विचारायला शेजारी ज्येष्ठ नसेल. एकाच एमआयडीसीतल्या चार-पाच कारखान्यांनी मिळून तिमाही सत्र घेतलं, एक ट्रायपॉड, एक डमी आणि बम्प टेस्टचा एक सिलिंडर सामायिक ठेवला, तर खर्च वाटला जातो आणि दुसऱ्याच्या परमिटमधल्या चुका शोधायची संधीही मिळते. परस्पर मदतीचे ‘मार्ग’ गट काही औद्योगिक पट्ट्यांत आहेतच. त्यांच्या बैठकीत हा विषय मांडता येईल. तुमच्या भागात असा गट असेल तर पहिल्या सत्राचं परमिट चुका पेरून तयार करून द्यायला मी तयार आहे. खाली कळवा.