पोरं विसरतात म्हणे!

परवा कट्ट्यावर विषय कुठून कुठे गेला कळलंच नाही. कुणीतरी म्हणालं की उद्या परत एखादी साथ आलीच तर या वेळी तरी घरातल्या बारक्या पोरांचं नीट बघायला हवं, तर दादा लगेच, "पोरांचं काय घेऊन बसलायस, चार वर्षांच्या पोराला काय कळतंय? सांगायचं नाही, टीव्ही बंद ठेवायचा. विसरतात ती. वाट लागते ती आपली."

झालं, ताईचं डोकं फिरलं.

"कळत नाही? ऐक मग. कोविडात हे आतल्या खोलीत, ताट दाराबाहेर ठेवायचं आणि मागे व्हायचं. माझी तेव्हा चार वर्षांची. एक दिवस बघते तर हिने बाहुलीला कपाटात घातलंय, दार लावलंय, समोर खेळण्यातली ताटली ठेवून दोन पावलं मागे उभी. आणि दुसऱ्या बाहुलीला दम देतेय, तू बाबांच्या अंगावर उड्या मारल्यास ना, म्हणून बाबा आजारी पडले."

कुणी काही बोललं नाही. या वयात पोरांना वाटतंच की जे झालं ते आपल्यामुळे झालं. आपण गप्प बसलो की मधली जागा ती स्वतःच भरतात आणि काय भरतील याचा नेम नाही.

मास्तर म्हणाले, "मग काय, आकडे वाचून दाखवायचे पोरांना?"

"तसं कोण म्हणतंय! विचारेल तेवढंच सांगायचं, पण खोटं नाही. मी सांगितलं, हा आजार डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूमुळे होतो, तुझ्यामुळे झालेला नाही, डॉक्टर बाबांना बरं करायला मदत करतायत आणि मी तुझ्याजवळ आहे. दिवसातून दहादा तोच प्रश्न यायचा, दहादा तेच उत्तर द्यायचे. बाबा उद्या नक्की बाहेर येणार असं वचन मात्र एकदाही दिलं नाही."

मला माझंच आठवलं. माझा तीन वर्षांचा, गादी ओली करायची सवय पार सुटलेली, ती परत सुरू झाली आणि मी रात्री अडीचला चादर बदलता बदलता त्याच्यावर खेकसायचो. मागे पडलेल्या सवयी अशा ताणात परत येतात, अंगठा चोखणं, बोबडं बोलणं, आईला चिकटून बसणं, आणि त्यावर ओरडलं की उलट वाढतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे शेवटी उपयोग झाला तो कंटाळवाण्या गोष्टींचा, म्हणजे आंघोळ, जेवण, गोष्ट, झोप, सगळं रोज त्याच क्रमाने.

मग स्क्रीनवरून जुंपली. मास्तर म्हणे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. मी म्हटलं बरोबर आहे मास्तर, आणि 11 मार्च 2020 ला त्याच संघटनेने महासाथ म्हणून सांगितल्यावर तो एक तास कुठे गेला ते तुमच्या घरी विचारा. हसले. तरी आजीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणं आणि एकटंच कार्टून बघत बसणं एकाच मापात धरू नका, एवढं माझं म्हणणं आहे.

खरी बोंब वेगळीच आहे, आईबापांकडे कोण बघणार? ग्रुपवर रोज याद्या यायच्या, कागदाचं फुलपाखरू करा, बोटांनी रंगवा, आणि इकडे माझा मीटिंगमधला कॅमेरा चालू, पोरगं पायाशी रडतंय. ती यादी बघितली की आपण नालायक बाप आहोत एवढंच वाटायचं. मदत केली ती एका शेजारणीने. रोज साडेचारला फोन स्पीकरवर टाकायचा, ती वीस मिनिटं पोराला गोष्ट सांगायची, तेवढा वेळ बायको पोराजवळ असायची आणि मी जिन्यात नुसता बसायचो, दुसऱ्या दिवशी ती जिन्यात आणि मी पोराजवळ. 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्दच चुकीचा होता खरं तर, आरोग्य संघटनासुद्धा नंतर 'फिजिकल' म्हणायला लागली, अंतर ठेवायचं ते शरीरानं.

ताई म्हणाली, "आणि लसी? दवाखान्यात जायच्या भीतीने कितीजणांनी पुढे ढकलल्या." ते खरंच आहे, एकट्या 2021 मध्ये जगभरात अडीच कोटी मुलांचा डीटीपीचा, म्हणजे घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा, निदान एक तरी डोस राहिला. त्यामागे नुसती भीती नव्हती, बऱ्याच ठिकाणी लसीकरणच कोलमडलं होतं, पण ज्यांना जमण्यासारखं होतं त्यांनी फोन करून वेळ ठरवून जायला हवं होतं. यावर वाद झाला नाही.

दादा मघापासून गप्प होता. मग चावी बोटात फिरवत म्हणाला, "आमचा आता दहाचा आहे. झोपताना खोलीचं दार लावू देत नाही अजून. आम्ही म्हणतो अंधाराला घाबरतो."

"तू तेव्हा आत होतास ना रे, चौदा दिवस?" ताईने विचारलं.

"सतरा."

"विचारलंस कधी त्याला?"

दादाने गाडी चालू केली, परत बंद केली. "नाही ना," म्हणाला.