ऊस माझाच, इथेनॉल त्यातलंच, आणि बसलं तेही माझंच इंजिन

पहाटे साडेपाचला फवारणीच्या इंजिनाची दोरी ओढायला लागलो. सात वाजले तरी इंजिन ढिम्म. रात्रभर पाऊस कोसळलेला, बाग ऐन फुलोऱ्यात, घडाघडात पाणी, आणि पूर्वेला ढग अजून ठाण मांडून. ज्याच्या दारात द्राक्षबाग आहे त्याला पुढचं सांगायला नको. अशा दिवशी औषध सकाळी गेलं तर गेलं, दुपारी मारणं म्हणजे वरातीमागून घोडं. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, कुणाची वाट बघत नाही. घडात साचलेलं पाणी तर मुळीच नाही. दोन दिवसांत कूज धरते आणि मग मणी गळायला लागतात.

मी दोरी ओढतोय आणि बायको नि पोरगं वेली हलवून पाणी झटकतायत. दीड एकर बाग हातानं झटकायची. हसू नका.

पावणेआठला मिस्त्रीला घरातून उचलून आणलं. त्यानं कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, खोलला, खालची वाटी काढून माझ्यासमोर धरली. तळाला पाण्यासारखं काहीतरी, त्यात चुन्यासारखा पांढरा गाळ. निडल चिकटलेली, जेटचं भोक बुजलेलं. टाकीपासून येणारी रबरी नळी दोन बोटांत दाबली तर तिचे तुकडे पडले. "मालक, इंजिन बरं आहे. पेट्रोल बरं नाही," असं म्हणून त्यानं बिडी काढायला खिशात हात घातला आणि मी सकाळपासून साठलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. उघड्या पेट्रोलशेजारी बिडी! तसा तो माणूस देवासारखा आहे, पण त्या दिवशी माझ्यासमोर देव आला असता तरी त्यानंही शिव्या खाल्ल्या असत्या.

आता हे इंजिन कुठलं ते सांगतो. आण्णांनी १९९७ साली घेतलेलं. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं, अशा जातीचं. आधी ते विहिरीवर पाणी उपसायचं, नंतर पट्टा लावून फवारणीच्या एचटीपी पंपाला जुंपलं. रेशनचं रॉकेल बंद झालं तसं पूर्ण पेट्रोलवर आलं. पितं जरा जास्त, पण कधी तक्रार नाही. आण्णा गेले तरी इंजिन चालू होतं. तीन-तीन महिने शेडमध्ये पडून राहायचं, टाकीत जुनं पेट्रोल तसंच, आणि दुसऱ्या झटक्याला फटफट सुरू. सव्वीस-सत्तावीस वर्षं असं चाललं. गेल्या दोन वर्षांत त्याच इंजिनाचा कार्बोरेटर चार वेळा खोललाय. त्याला अचानक म्हातारपण आलं म्हणता? बरोबर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावरच कसं आलं मग?

मिस्त्रीनं समजावलं ते असं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी पोटात जिरवतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल जोडीनं तळाशी जाऊन बसतात, वर राहतं पेट्रोल. आणि इंजिनाची नळी टाकीच्या कुठून निघते? तळातून! म्हणजे पहिला घोट त्या गाळाचाच. त्यात जुनं रबर फुगतं, चिरतं. कार्बोरेटरच्या जस्त-ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी चढल्यासारखं होतं. टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला थर हे सुटा करतं आणि नेमका नेऊन जेटमध्ये भरतं.

बरं, ताकद तरी? तीही नाही. लिटरला लिटर लावलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन तृतीयांशच दम. वर त्याच्या अंगातच ऑक्सिजन, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. नव्या गाडीत सेन्सर असतो, संगणक असतो, तो बसल्या जागी हिशोब जुळवून घेतो. माझ्या इंजिनाचा संगणक म्हणजे मी. चोक अर्धा ओढून धरायचा, भुकभुक थांबली की सोडायचा, परत ओढायचा. औषधाचं प्रेशर खाली-वर होतंय, एका वेलीवर धुकं पडतंय आणि दुसरीवर नुसतं शिंतोडं.

शेजारच्या रानातल्या भाऊंचा तर पाठीवरचा टू-स्ट्रोक पंप कायमचा गेला. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. तळाशी पाणी-इथेनॉल वेगळं बसलं की ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात आणि इंजिन ओढतं खालचं कोरडं. पिस्टन धरला. भाऊ म्हणतात, "मी ऑइल मापानं घातलेलं!" घातलेलं हो भाऊ, सगळ्या गावाला माहितीय तुम्ही मापाचे किती पक्के.

आणि आता माझं खरं दुखणं. मी इथेनॉलचा दुश्मन नाही. माझा स्वतःचा दोन एकर ऊस आहे! २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये होती, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक जाते. इथेनॉल विकून कारखान्याच्या हातात पैसा लवकर येतो, मग आमची बिलं निघतात, हे मला कुणी शिकवायला नको. एक टन उसाच्या रसाचं थेट इथेनॉल केलं तर साधारण ७० लिटर पडतं. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत रसापासूनचं इथेनॉल थांबवायचा हुकूम निघाला तेव्हा पारावर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मीच होतो. म्हणजे मी इथेनॉलच्या बाजूनं भांडलोय. त्याचं हे बक्षीस.

गंमत अशी की देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून बघायचे पहिले प्रयोग २००१ साली झाले ते मिरज, मनमाड आणि तिकडं बरेलीला. आमचंच मिरज! तालुक्याला मान मिळाला म्हणायचं की आम्हीच पहिले उंदीर ठरलो म्हणायचं, काय ते तुम्ही ठरवा. तिथून १० टक्क्यांवर यायला जून २०२२ उजाडला. एकवीस वर्षं. आणि १० चे २० व्हायला? तीन. आधी २०३० म्हणत होते, मग २०२५ म्हणाले आणि करूनही दाखवलं. सरकारी काम वेळेआधी झालेलं मी आयुष्यात एकदाच बघितलं आणि तेही माझ्या कार्बोरेटरवर.

२०२५ च्या ऑगस्टात गाड्यांच्या ॲव्हरेजवरून टीव्हीवर भांडणं लागली तेव्हा मंत्रालयाचा खुलासा आला. काही जुन्या वाहनांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर रबरी पार्ट, गॅस्केट बदलायला लागू शकतात, स्वस्तात होतं, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये उरकतं. वाचून मी खरंच शेडमध्ये जाऊन इंजिनाला मीटर आहे का बघून आलो. अहो, माझं इंजिन किलोमीटर चालत नाही! ते एका जागी उभं राहून चालतं, तेही वर्षातून साठ-सत्तर दिवस, उरलेले दिवस ओल्या शेडमध्ये झोपतं. आणि नेमकं झोपलेल्या इंजिनालाच हे पेट्रोल बाधतं. रोज चालणाऱ्या गाडीची टाकी आठवड्यात बदलते, तिला काय होतंय? पण फवारणीचे पंप, वीडर, ग्रास कटर, करवती, कोकणातली भाताची छोटी यंत्रं, यांचं नाव त्या टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं नाही. शेतीचं इंजिन म्हणजे डिझेल ट्रॅक्टर, एवढंच त्यांच्या डोक्यात.

यूट्यूबवर इंग्लंडमधले म्हातारे बघतो मी. जुने राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर पोटच्या पोरासारखे जपणारे. तिकडं १९४६ पासून दहा वर्षं ते पेट्रोलवर चालणारे ट्रॅक्टर निघत होते, काही तर आमच्या इंजिनासारखे पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलच्या जातीच्या तेलावर चालणारे. सप्टेंबर २०२१ ला तिथं साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं, तर जुन्या इंजिनांसाठी ५ टक्केवालं सुपर पेट्रोल पंपावर ठेवलं. महाग आहे, पण आहे. अमेरिकेत नुसतं १५ टक्केवालं पेट्रोल मोटरसायकलीत आणि गवत कापायच्या मशीनमध्ये घालायला बंदी आहे, पंपावर तसं स्टिकर लावतात. तिथं १५ ला बंदी. इथं २० आणि वर दुसरं काही मागायची सोय नाही. बरं, हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असंही नाही. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच जुन्या वाहनांसाठी १० टक्केवालं पेट्रोल चालू ठेवा असं होतं. कागदावर होतं ते कागदावरच राहिलं.

पंपावर विचारून बघितलं मी. "साधं पेट्रोल आहे का, इथेनॉल कमी असलेलं?" तो पोरगा माझ्याकडे असा बघतो की जणू मी म्हशीचं दूध मागितलंय. "काका, साधं हेच." सांगली-कोल्हापुरात कुठंतरी शंभर ऑक्टेनचं मिळतं म्हणतात, लिटरला दीडशेच्या वर. म्हणजे ज्याच्याकडे लाखाची बाईक आहे त्याच्यासाठी सोय, माझ्या जुन्या इंजिनानं उपाशी राहायचं.

आणि सल्ले! सल्ल्यांना तोटा नाही. व्हॉट्सॲपवर एकानं पाठवलं, पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवा, इथेनॉल खाली बसतं, वरचं काढून घ्या. मीही चाळा म्हणून औषधाच्या मापाच्या बाटलीत करून बघितलं. १०० मिली पेट्रोल, २० मिली पाणी. हलवून ठेवलं तर खालचा थर डोळ्यादेखत वाढून चाळीसच्या आसपास गेला. बघून अंगावर काटा आला, पण मिस्त्रीनं हातातून बाटली हिसकावली. "आता ह्यात पाणी राहिलं तर परत मलाच बोलवाल." खरंय. पाचवा भाग पैसे मोजून विकत घ्यायचा, पाण्यात मिसळून बांधावर ओतायचा, आणि उरलेलं भीतभीत वापरायचं. हा उपाय नाही, हा तमाशा आहे.

शेवटी मिस्त्रीनं दिलेला उपाय एकच आहे. काम झालं की टाकी रिकामी करायची, कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं आहे तेवढं संपेपर्यंत इंजिन चालवायचं, आणि दर फवारणीला ताजं पेट्रोल. नळी आता चांगल्या प्रतीची टाकलीय, जेट नवं, निडल नवी, मजुरीसकट साडेअकराशे. त्यातली थोडी चूक माझी, टाकी भरलेली ठेवायची आण्णांच्या काळची सवय. टाकी भरलेली असली की आत गंज धरत नाही, असं ते सांगायचे. तेव्हा ते बरोबरही होतं.

आता ताजं पेट्रोल आणायचं म्हणजे पंप आठ किलोमीटरवर. तिथं बाटली पुढं केली की पोरगा बोर्डाकडे बोट दाखवतो, बाटलीत पेट्रोल मिळणार नाही. कॅन नेला तर साहेबांना विचारा, साहेब जेवायला गेलेत. मग बाईकच्या टाकीत भरायचं, घरी यायचं आणि तिच्यातून काढायचं.

काल संध्याकाळी परत भरून आलंय. पहाटे पाच वाजता मी शेडमध्ये बाईक तिरकी करून, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढत होतो. दुसऱ्यांदा जरा जास्त ओढलं गेलं. पोरगं टॉर्च धरून उभं, विचारतंय, "पप्पा, कसं लागतंय?" थुंकून थुंकून तोंड सोललं, पण चव मात्र ओळखीची निघाली. कारखान्याच्या मागून गेलं की नाकात बसते तीच.