१९७४ च्या बुलेटबद्दलच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू रविवारी वाचला. उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस थांबलो, कारण डोकं तापलेलं असताना मी बोलतो ते मलाच नंतर आवडत नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांनी वडिलांची १९७४ ची बुलेट ३५० आमच्याकडं इंजिन बांधायला दिली होती. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही न विचारता आत नव्या पद्धतीचे पार्ट घातले (बुशच्या जागी रोलर बेअरिंग), पॉइंट, म्हणजे स्पार्क पाडणारा जुना स्विच, काढले, त्यानं गाडीचं फायरिंग, म्हणजे तो डुग-डुग आवाज, बिघडलं, ३८,००० चं बिल ४५,५०० वर गेलं आणि पुढं विंटेज नोंदणी करायची वाटही आम्ही बंद केली.

पॉइंटचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. ज्या दांड्यावर पॉइंटचा कॅम फिरतो, तो हातानं हलवला तरी हलत होता. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लावायचा आणि किक मारली की तो तिथं राहायचाच नाही. गाडी द्यायचा दिवस जवळ आला होता, तुमच्या सांगण्यावरून सहाची बारा व्होल्ट वायरिंग झालीच होती, म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि मोकळा झालो. तुम्हाला फोन केला नाही. करायला हवा होता. त्या युनिटचे ३,२०० रुपये परत देतो. गाडी आणलीत तर दांड्याला नवीन बुश घालून तुमचे जुने पॉइंट लावून देतो, त्याची मजुरी नको. जुनी प्लेट, स्पार्कची वेळ पुढं-मागं करणारे अॅडव्हान्सचे वेट आणि स्प्रिंग, सगळं जपून ठेवलंय.

रोलरचं मात्र मी मान्य करणार नाही, आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

या इंजिनात बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडतो तिथं, मूळचा फ्लोटिंग बुश असतो. क्रँक पिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्या मधे एक सुटी कडी, दोन्हीकडून तेलाच्या थरावर फिरणारी. जोपर्यंत तेल स्वच्छ आहे आणि पुरेसं येतंय, तोपर्यंत हा बुश सुंदर चालतो. पण तेलाचा पंप क्रँकच्या टोकाच्या वर्मवर, म्हणजे आट्यांच्या गिअरवर, फिरतो. इंजिन हळू तर पंपही हळू. स्टँडवर लावून डुग... डुग... ऐकत लोक खूश होतात, त्या वेळी बुशला सगळ्यात कमी तेल जात असतं. तुमचा बुश मी तळहातावर घेऊन फोटो पाठवला होता. फोटोत दिसलं नसेल, पण एका अंगाला नख अडकत होतं. पिनवरही तशीच रेघ. फिल्टर पिळला तर तेलात धातूची चमकी.

नवीन बुश मी दोन मागवले. एक पिनवर ढिला, दुसरा रॉडमध्ये अडकून बसणारा. फ्लोटिंग बुश फ्लोटच झाला नाही तर तो कशाचा फ्लोटिंग! आतला-बाहेरचा गॅप लेथवर जमवणारे कारागीर आमच्या उद्यमनगरात होते. आता त्या हाताचे फार उरले नाहीत. म्हणून नवा पिन आणि रोलर बेअरिंगचा रॉड घेतला, दोन्ही फ्लायव्हील जोडून डायल गेजवर क्रँक ट्रू केला, म्हणजे न डगमगता सरळ फिरेल असा. रोलरला तेल कमी लागतं आणि पुण्याच्या सिग्नलवरचं आयडलिंग तो निभावून नेतो. रॉड, पिन आणि मजुरीचे मिळून ४,३०० वाढले. हे पैसे परत देणार नाही.

"रोलर टाकतो" असा मेसेज केला होता. तुमचा अंगठा आला. अंगठा म्हणजे कळलं, पटलं आणि चालेल, असं मी तिन्ही धरलं. ती माझी घाई. आता असलं काम निघालं की फोनच करतो.

विंटेज नोंदणीचं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरच्या दुचाकींना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, अशी अट आहे. आपल्या गाडीचं क्रँककेस तेच, त्यावरचा नंबर तोच, सिलिंडर तोच, फक्त चाळीस थाउ (इंचाचे चाळीस हजारांश) बोअर करून नवीन पिस्टन. उजव्या पायाचे चार गिअरही तसेच. कार्ब्युरेटर मूळचा नाही, मिकार्ब कंपनीचा आहे म्हणून तुम्ही लिहिलंय, पण तो गाडीबरोबरच आला होता. गाडी आमच्याकडं घेतानाच्या फोटोत दिसतो, तारखेसकट.

पण त्याच नियमात असंही आहे, की विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. तुम्ही पहिल्या दिवशी आमच्या बाकड्यावर बसून म्हणाला होता, "वडिलांना मागं बसवून कोकणातनं गोव्याला जायचंय." मी इंजिन गोव्याला जायच्या हिशोबानं बांधलं. शोसाठी ठेवायची असती तर बुशच घातला असता, दोन महिने जास्त लागले असते तरी. नोंदणीचं आधी बोलणं झालंच नाही, ना तुमच्याकडून ना माझ्याकडून.

फायरिंगचं सांगतो. आधी आवाज लांब-लांब पडत होता, कारण स्पार्क उशिरा पडत होता. आता टायमिंग जागेवर आहे. पन्हाळ्याच्या चढाला मी स्वतः चालवून बघितलीय, तिसऱ्यात ओढते. तरी तो जुना आवाज हवाच असेल तर सायलेन्सरकडं बघू, टायमिंग बिघडवून मात्र देणार नाही.

तुमचा जुना रॉड, पिन, बुश तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलेत. डब्यावर गाडीचा नंबर आहे. बिलाबरोबर द्यायचे राहून गेले. हेही तुम्ही बरोबरच लिहिलंय.

गाडी अजून रनिंगमध्ये आहे, म्हणजे नवीन पार्ट अजून बसायचेत. ५०० किलोमीटर झाले असतील तर तेल आणि फिल्टर बदलायला आलंय, तेवढं थांबवू नका. सोमवारी गॅरेज बंद असतं, बाकी कधीही या. वडिलांनाही आणा, त्यांचं या गाडीबद्दल काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय.

— गॅरेजवाला, उद्यमनगर, कोल्हापूर