किटोची आग आणि अण्णांचे मीठ

वाचनालयासमोरच्या कट्ट्यावर हा विषय अण्णांनीच काढला. "1938 साली अमेरिकेत मंगळवासी उतरल्याचे रेडिओनाटक लागले आणि लाखो लोक घरेदारे सोडून पळाले. जनता म्हणजे मेंढरे!" असे म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे मांडीवर थाप मारली आणि वाद संपल्याचे जाहीर केले.

सुमनताईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "लाखो पळाल्याचे लिहिले वर्तमानपत्रांनी, अण्णा. ज्या रेडिओने त्यांच्या जाहिराती ओढून नेल्या होत्या, त्याला झोडपण्याची संधी ते कशाला सोडतील? त्या रात्री बहुतेक श्रोते दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गनचा बोलक्या बाहुल्याचा कार्यक्रम ऐकत होते. काही जण घाबरले, हे मला मान्य आहे. पण महिनाभर आधीच, हिटलरमुळे युरोपात युद्ध पेटते की काय अशा म्युनिकच्या पेचप्रसंगात, कार्यक्रम थांबवून युद्धाच्या शक्यतेच्या बातम्या दिल्या जात होत्या, आणि ते नाटक सादर करणाऱ्या ऑर्सन वेल्सने नेमकी तीच पद्धत त्यात वापरली."

"मग किटोचे काय?" बापूंनी विचारले, आणि कट्टा गंभीर झाला.

ती हकीगत ताईंनीच सांगितली. 12 फेब्रुवारी 1949 रोजी इक्वेडोरच्या राजधानीत रेडिओ किटोने तेच नाटक गाण्यांचा कार्यक्रम मध्येच तोडून सुरू केले. शत्रू शहराजवळच्या कोटोकोयाओ गावी उतरल्याचे सांगितले आणि नटांनी मंत्र्यांचे व महापौरांचे आवाज काढले. जेमतेम आठ वर्षांपूर्वी पेरूशी युद्ध पाहिलेले लोक रस्त्यावर आले, पोलीस त्या गावाकडे रवाना झाले आणि हे सारे नाटक असल्याचे केंद्राने सांगितल्यावर जमावाने ज्या इमारतीत ते केंद्र आणि 'एल कोमेर्सिओ' हे त्याच्याच मालकांचे वर्तमानपत्र होते, ती पेटवून दिली. निदान सहा माणसे मेली.

"म्हणजे तुम्ही जाळपोळीची बाजू घेता?" अण्णा गरजले.

"आत कोंडलेल्यांचा मृत्यू मी कसा विसरेन?" ताई म्हणाल्या. " पण ज्याने मंत्र्याचा आवाज काढला तो तुमच्या लेखी कलावंत, आणि ज्याने मंत्र्यावर विश्वास ठेवला तो मेंढरू, हा कुठला न्याय? आग लागली ती भीतीच्या वेळी नाही, फसवले गेल्याचे कळल्यावर लागली."

मला ताईंचे म्हणणे मनापासून पटले. पोरांना छातीशी धरून घराबाहेर पडलेल्या माणसाला पुढे आयुष्यभर शेजाऱ्यांसमोर खजील व्हावे लागते. त्याचा विचार नाटक रचणाऱ्यांनी करायलाच हवा होता.

अण्णा पुन्हा मेंढरांकडे वळणार, इतक्यात बापू शांतपणे म्हणाले, "2016 च्या नोव्हेंबरात मीठ संपणार अशी आवई उठली, तेव्हा पिशवीत बारा पुडे घेऊन जिना चढताना तुम्ही मला भेटला होतात."

"ते स्वस्त मिळत होते म्हणून घेतले!"

"दुप्पट भावाने?" ताईंनी विचारले.

त्यानंतर हशा इतका वाढला की किटो मागेच राहिले, आणि चहाचे पैसे मात्र त्या दिवशी अण्णांनी दिले.